अमावास्येच्या गल्ल्यावर रसवंती विकत घ्याल का?

घोडेगावहून शनिशिंगणापूरच्या रस्त्याला लागलं की दोन्ही बाजूंना रसवंत्या सुरू होतात. लाकडी चरक, त्याला जुंपलेला बैल, कडेला उसाच्या मोळ्या आणि गाडी दिसली की हात करणारी माणसं. त्यातली एक रसवंती माझ्या मामांची.

२९ मार्च २०२५ ला शनिवार आणि अमावास्या एकाच दिवशी आले. शनी अमावास्या, त्यात उन्हाचा कडाका. दर्शनाला आलेल्यांची गर्दी एवढी, की दिवसभर आम्हाला ग्लास धुवायला फुरसत मिळाली नाही. रात्री मामा गल्ला मोजत बसले, आणि मी मोबाइलवर कॅल्क्युलेटर काढून त्या आकड्याला ३६५ ने गुणलं. म्हटलं, ‘‘मामा, तुम्ही तर करोडपती आहात!’’

मामा हसले. म्हणाले, ‘‘अगं पोरी, आमुशाच्या गल्ल्यावर कुणी धंद्याचं मोल करतं का? जुलैत भर पावसातल्या मंगळवारी येऊन बस, मग सांग मला किती पैसा आहे ते.’’

हे वाक्य मी दोन वर्षं आधी ऐकायला हवं होतं. माझे तीन हजारांहून जास्त रुपये वाचले असते.

पीई चार, म्हणजे फुकटच की!

झालं असं, की २०२३ च्या उन्हाळ्यात याच रसवंतीवर दोन महिने काम करून मी ८,४०० रुपये साठवले होते. तेव्हा दुसऱ्या वर्षाला होते. हॉस्टेलच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर शेअरबाजाराचं वारं आलेलं. कुणीतरी एक रील टाकलं : ‘पीई दहाच्या खाली असेल तर शेअर स्वस्त, डोळे झाकून घ्या.’ मी ॲपमध्ये शोधलं. कागद बनवणारी एक छोटी कंपनी सापडली. पीई चक्क ४. सगळे पैसे तिच्यात टाकले.

पुढे काय झालं? कागदाचे भाव उतरले, परदेशातून स्वस्त कागद यायला लागला, कच्चा माल महागला. कंपनीचा नफा एकेका तिमाहीत घसरत गेला. दीड वर्षाने माझ्या ८,४०० चे ५,०४० रुपये झाले होते. आणि गंमत बघा, शेअर चाळीस टक्के पडला तरी ॲपवर पीई दिसत होता १२! शेअर उतरला आणि ‘महाग’ झाला. तेव्हा मला काही म्हणता काही कळलं नाही. कंपनीचं नाव सांगत नाही, कारण चूक तिची नव्हती. तिने सगळे आकडे वेळच्या वेळी जाहीर केले होते. वाचायचं काम माझं होतं.

हे रडगाणं तुमच्यापुढे गाण्याचं कारण असं, की मी एकटी नाही. मार्च २०२० मध्ये देशात साधारण ४ कोटी डीमॅट खाती होती. मार्च २०२५ मध्ये ती १९ कोटींच्या वर गेली. त्यातली कितीतरी आपल्याच वयाच्या मुलामुलींची आहेत. कट्ट्यावर बसून, लेक्चर चालू असताना, एसटीत उभ्या उभ्या आपण शेअर घेतोय. आणि घेताना बहुतेक जण एकच आकडा बघतात. माझं म्हणणं एवढंच आहे : पीई बघा, पण एकटा बघू नका. तो काल काय होता, पाच वर्षांपूर्वी काय होता आणि का बदलला, हे विचारल्याशिवाय त्या आकड्याला काही अर्थ नाही.

आधी रसवंतीचा पीई काढू

पीई म्हणजे काय? एका शेअरची किंमत भागिले त्या शेअरमागे कंपनीने वर्षभरात कमावलेला नफा. शेअर १०० रुपयांना आहे आणि शेअरमागे नफा ५ रुपये आहे, तर पीई २०. म्हणजे आजचा नफा कायम राहिला, तर २० वर्षांच्या नफ्याएवढे पैसे तुम्ही आज मोजताय. सोपं आहे. पाचवीचा भागाकार.

पण भागाकारात दोन आकडे असतात, वरचा आणि खालचा. आपण सगळे वरच्याकडे, म्हणजे शेअरच्या भावाकडे बघत बसतो. घोळ होतो तो खालच्यात.

समजा, अशीच एक रसवंती जागेसकट १२ लाखांना विकायला आहे. मार्च ते मे या तीन महिन्यांत तिला दीड लाख रुपये नफा झाला. तुम्ही तो चारने गुणलात, वर्षाचे झाले ६ लाख. पीई आला २. वा! पण पावसाळ्यात रस कोण पितं? थंडीतही धंदा बेताचाच. पूर्ण वर्षाचा नफा धरला तर तो २ लाख ४० हजार निघाला. आता पीई ५. आणि एखाद्या वर्षी दुष्काळ पडला, ऊस महागला, नफा १ लाख २० हजारांवर आला, तर पीई १०.

रसवंती तीच, चरक तोच, बैल तोच आणि मागितलेली किंमतही तीच. पीई मात्र २, ५ आणि १०. मग रसवंती स्वस्त की महाग? नुसत्या एका आकड्यावरून उत्तरच देता येत नाही. त्यासाठी तुम्हाला किमान चार-पाच वर्षांच्या वह्या बघाव्या लागतील. चांगली वर्षं, वाईट वर्षं, सगळी.

माझ्या कागद कंपनीचा पीई ४ होता, कारण तिची तेव्हा शनी अमावास्या चालू होती.

पोलादाची अमावास्या

हे फक्त छोट्या कंपन्यांचं नाही. टाटा स्टीलचंच बघा. २०२१-२२ मध्ये जगभर पोलादाचे भाव कडाडले होते. त्या वर्षी कंपनीला सुमारे ४१ हजार कोटींचा नफा झाला. मार्च २०२२ च्या अखेरीला शेअर (पुढे एकाचे दहा शेअर झाले, त्या हिशोबाने) १३० रुपयांच्या आसपास होता आणि पीई जेमतेम ४. रीलवाल्या भाऊच्या नियमाने ‘डोळे झाकून घ्या’.

पुढच्या वर्षी पोलाद उतरलं. नफा आला ८ हजार कोटींच्या घरात. मार्च २०२३ ला शेअर १०५ च्या आसपास, म्हणजे साधारण वीस टक्के खाली. आणि पीई? चारावरून पंधराच्या आसपास गेला. २०२३-२४ मध्ये तर कंपनीला जवळपास ४,९०० कोटींचा तोटा झाला. तोट्याला भागता येत नाही, त्यामुळे पीईच्या जागी काहीच नाही. पण त्याच मार्च २०२४ ला शेअर किती होता माहितीये? १५५ च्या आसपास!

म्हणजे पीई सगळ्यात ‘स्वस्त’ दिसत होता तेव्हा घेतलेला शेअर आधी पडला. आणि पीई दिसतच नव्हता तोपर्यंत तो वर चढलेला होता. का? कारण बाजार मागच्या वर्षीचा नफा विकत घेत नाही, पुढचा घेतो. पोलाद, साखर, कागद, रसायनं, सिमेंट या धंद्यांत नफा लाटेसारखा येतो-जातो. लाट सगळ्यात उंच असते तेव्हा पीई सगळ्यात लहान दिसतो. नगर जिल्ह्यातल्या कुठल्याही ऊस किंवा कांदा पिकवणाऱ्या शेतकऱ्याला विचारा, एका वर्षीचा भाव धरून पुढच्या दहा वर्षांचा हिशोब मांडाल का? तो तुमच्याकडे बघून मान हलवेल आणि कामाला लागेल.

चांगली कंपनी, चुकीचा भाव

आता उलटी गोष्ट. ही मला जास्त महत्त्वाची वाटते, कारण यात कंपनीचं काहीच चुकलं नाही.

इन्फोसिस १९८१ मध्ये आपल्या पुण्यात सुरू झाली. सात इंजिनिअर, आणि सुधा मूर्तींनी साठवलेल्या पैशांतून दिलेले दहा हजार रुपये. दोन वर्षांनी ती बंगळूरला गेली. १९९३ मध्ये कंपनीने ९५ रुपयांना शेअर विकायला काढला, तेव्हा तो पुरता खपलासुद्धा नाही. सात वर्षांनी चित्र पूर्ण पालटलं. संगणकवाल्या कंपन्यांचं वेड जगभर लागलं होतं. मार्च २००० च्या अखेरीला इन्फोसिसच्या सगळ्या शेअरची मिळून किंमत सुमारे ५९ हजार कोटी होती. वर्षाचा नफा किती? सुमारे २९३ कोटी. पीई २०० च्या आसपास. दोनशे वर्षांचा नफा आज हातात द्या, असं बाजार म्हणत होता आणि लोक देत होते.

एका वर्षात काय झालं बघा. मार्च २००१ पर्यंत नफा दुपटीहून जास्त झाला, जवळजवळ ६२९ कोटी. आणि कंपनीची किंमत? निम्म्याहून खाली, सुमारे २७ हजार कोटी. पीई आला ४३ वर. वर्गात पहिला नंबर काढूनही घरी ओरडा खावा, तशी गत.

पुढची चार वर्षं कंपनी नेटाने काम करत राहिली. २००४-०५ चा नफा १,९०० कोटींच्या घरात गेला, म्हणजे पाच वर्षांत सहा पटींहून जास्त. आणि मार्च २००५ च्या अखेरीला कंपनीची किंमत होती सुमारे ६१ हजार कोटी. आता हे शांतपणे पुन्हा वाचा : २००० मध्ये ५९ हजार कोटी, २००५ मध्ये ६१ हजार कोटी. नफा सहापट, भाव जागच्या जागी. पीई २०० वरून ३२ वर.

ज्याने मार्च २००० मध्ये शेअर घेतला, त्याने देशातली एक उत्तम कंपनी निवडली होती. तिच्या वाढीबद्दलचा त्याचा अंदाजही खरा ठरला. तरी त्याला पाच वर्षं भावात जवळपास काहीच मिळालं नाही, कारण पुढच्या पाच वर्षांची सगळी वाढ त्याने पहिल्याच दिवशी पैसे मोजून विकत घेऊन ठेवली होती. शिंगणापूरच्या भाषेत सांगायचं तर सलग दोन अडीचक्या गेल्या. पण यात ग्रहाचा दोष नव्हता, भागाकाराचा होता.

मोठा पीई दोन रस्त्यांनी खाली येतो. एक तर भाव पडतो, किंवा भाव तिथेच रेंगाळतो आणि नफा वाढत वाढत त्याला गाठतो. पहिल्या रस्त्यात पैसे जातात, दुसऱ्यात वर्षं जातात. आपण विशीत आहोत, म्हणून वर्षं जाण्याचं काही वाटत नाही. पण फी भरायची असेल, घरी पैसे द्यायचे असतील, तर पाच वर्षं हीसुद्धा किंमतच आहे.

देऊळ बंद होतं तेव्हा

‘मग सोपं आहे, जुना पीई बघायचा, सरासरीच्या वर असेल तर महाग, खाली असेल तर स्वस्त.’ असं तुमच्या मनात आलं असेल. माझ्याही आलं होतं. तेवढंही सोपं नाही.

कोविडमध्ये राज्यातली देवळं बंद झाली, ती १६ नोव्हेंबर २०२० ला उघडली. २०२१ मध्ये दुसऱ्या लाटेत पुन्हा बंद झाली, ती ऑक्टोबरात उघडली. मामांच्या रसवंतीचे दोन उन्हाळे कोरडे गेले. त्या काळातला नफा धरून कुणी पीई काढला असता, तर तो आभाळाला टेकला असता. म्हणून काय ती रसवंती जगातली सगळ्यात महाग रसवंती झाली होती?

नेमकं हेच निफ्टीचं झालं. मार्च २०२० मध्ये बाजार कोसळला तेव्हा निफ्टीचा पीई सतरा-अठराच्या आसपास होता. फेब्रुवारी २०२१ मध्ये तो चाळिसाच्या वर गेला. भाव चढले हे खरं, पण खालचा आकडा, म्हणजे कंपन्यांचा नफा, टाळेबंदीने खाल्लेला होता. ‘चाळीस पीई, आता बाजार आपटणार’ म्हणून पुष्कळांनी शेअर विकले. पुढे नफा पुन्हा रुळावर आला आणि पीई आपोआप खाली आला.

त्यात आणखी एक मेख आहे. मार्च २०२१ च्या अखेरीला राष्ट्रीय शेअरबाजाराने निफ्टीचा पीई काढायची पद्धतच बदलली. आधी कंपनीचा फक्त स्वतःचा नफा धरत, आता उपकंपन्यांसकट एकत्रित नफा धरायला लागले. एका रात्रीत पीई चाळिसाच्या आसपासवरून तेहतिसाच्या आसपास आला. बाजार हलला नाही, मोजपट्टी बदलली. आजही कुणी तुम्हाला वीस वर्षांचा सलग आलेख दाखवून ‘बघ, किती स्वस्त’ म्हणालं, तर पहिला प्रश्न हाच विचारा : मधे पट्टी बदलली ते धरलंय ना?

आणि सरासरीसुद्धा फसवते. इन्फोसिसच्या जुन्या पीईंची सरासरी काढताना २००० सालचे २०० धरले, तर पुढे कितीही वर्षं तो शेअर ‘सरासरीपेक्षा स्वस्त’च दिसणार. वेड्या वर्षाला माप मानलं, तर नंतरचं प्रत्येक वर्ष शहाणं वाटतं. म्हणून सरासरीपेक्षा मध्यक बघावा. सगळे पीई लहानापासून मोठ्यापर्यंत एका रांगेत लावले की बरोबर मधला येतो तो. शाळेत शिकलोय आपण, फक्त कशासाठी ते कुणी सांगितलं नव्हतं.

मग करायचं काय?

पीई सोडून द्या, असं मी म्हणत नाही. भागाकार चांगला आहे, घाई वाईट आहे. आता मी शेअर घेण्याआधी वहीत चार गोष्टी लिहिते. पटलं तर तुम्हीही लिहा.

एक, खालचा नफा कुठला आहे? मागच्या चार तिमाहींचा की एकाच तिमाहीचा चौपट? धंद्यातून आलेला, की जुनी जमीन विकून एकदाच मिळालेला? जमीन दरवर्षी विकता येत नाही.

दोन, याच कंपनीचा पीई गेल्या दहा वर्षांत कुठून कुठे फिरला? स्क्रीनरसारख्या साइटवर हा आलेख फुकट मिळतो, मध्यकाची रेघही असते. दोन मिनिटांचं काम.

तीन, आलेख वर गेला किंवा खाली आला, तो भावामुळे की नफ्यामुळे? दोन्हींचे आलेख शेजारी ठेवा. माझ्या मते चारांतला हा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न आहे, आणि हाच कुणी विचारत नाही.

चार, त्याच धंद्यातल्या दुसऱ्या कंपन्यांचा पीई किती? बँकेची तुलना साबणवाल्या कंपनीशी करू नका. रसवंतीची तुलना रसवंतीशीच.

हे सगळं करूनही चूक होऊ शकते. मागचा पीई पुढचं भविष्य सांगत नाही. तो एवढंच सांगतो, की आज लोक या कंपनीवर किती विश्वास टाकतायत आणि पूर्वी किती टाकत होते. बाकी पीई म्हणजे तरी काय, विश्वासाचा भाव.

आणि विश्वासाची गोष्ट निघाली, तर शिंगणापूरचंच उदाहरण पुरे. घरांना दारं नसलेलं गाव म्हणून ते देशभर माहीत आहे. २०११ मध्ये युको बँकेने तिथे शाखा उघडली, तेव्हा ‘बिनकुलपाची बँक’ म्हणून बातम्या झाल्या. गावाच्या रीतीचा मान राखून बँकेने पुढच्या काचेच्या दाराला नेहमीसारखं कुलूप लावलं नाही. पण लॉकर आणि कागदपत्रं नीट राहतील याची काळजी आत वेगळी घेतलीच. मला हे फार आवडतं. विश्वास ठेवला, पण हिशोब सोडला नाही.

या लेखाआधी मी मामांना फोन केला, म्हटलं तुमच्यावर लिहितेय. ते म्हणाले, ‘‘लिही, पण माझा आमुशाचा गल्ला छापू नकोस. लोकांना वाटेल रोजच एवढा येतो.’’

छापला नाही, मामा. तुम्ही मात्र आज कॉलेज सुटल्यावर तुमच्याकडचा एखादा शेअर उघडा आणि त्याचा दहा वर्षांचा पीई बघा. तुम्ही तो घेतलात, तेव्हा त्याची अमावास्या होती की जुलैतला मंगळवार?